दाराच्या आतल्या बाजूचे आकडे

मी आयुष्यात एकाच माणसावर हात उगारला आहे. तारापूरच्या कारखान्यात, सकाळी आठच्या सुमारास, मेंटेनन्सच्या ऑफिसात, कॉम्प्युटरसमोर. कानाखाली मारली. आवाज एवढा झाला की पलीकडच्या टेबलावरचा क्लार्क टाइप करायचा थांबला. ज्याला मारलं तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होता. त्याने गालाला हातही लावला नाही. हातातला कागद खाली पडू नये म्हणून तो दोन्ही हातांनी घट्ट धरला, एवढंच.

त्या कागदावर एक आकडा होता आणि तो खरा होता.

पुढे त्या माणसाचा हात गेला आणि वर खोटारडा हा शिक्का बसला. गेलेला हात मी देऊ शकत नव्हतो. शिक्का मात्र मी कधीही पुसू शकलो असतो. मी सहा वर्षं गप्प बसलो.

कारखाना रसायनांचा होता. शेडमध्ये तीन सेंट्रीफ्यूज होती. वॉशिंग मशीनमध्ये कपडे पिळायचा डबा असतो ना, तसलंच यंत्र, पण आत माणूस उभा राहील एवढं. भोकं पाडलेली पोलादी बास्केट गरागरा फिरते, ओला माल बाजूला चिकटतो, पाणी बाहेर फेकलं जातं. आमच्या मालात ॲसिड असायचं, म्हणून बास्केटला आतून रबर लावलेलं. रबराला चीर गेली की ॲसिड पोलाद खायला लागतं आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून नियम होता: पंधराशे तास चालली की मशीन थांबवायची, बास्केट उघडायची, तडे बघायचे.

हे तास मोजायला प्रत्येक मशीनच्या इलेक्ट्रिक पॅनेलच्या दारावर एक छोटं काळं मीटर होतं. मोटर फिरली की आकडा पुढे जायचा. तो मागे नेता येत नसे.

त्या शेडमध्ये मारहाण नवी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. प्रॉडक्शनचे साहेब बुटाने पिंप लाथाडत आणि पिंपापाशी उभ्या माणसालाही. कंत्राटदार रबरी नळीचा तुकडा कमरेला खोचून फिरायचा, आणि तो नळी जोडायला नसायचा. ॲसिडच्या वाफेने बनियनला आठवड्यात भोकं पडत. माणसं खोकत, शिव्या देत, एकमेकांना ढकलत काम करायची. मी स्वतःला त्यातला समजत नव्हतो. मी माकुणसारच्या बागायती वाडीवाल्याचा मुलगा, डिप्लोमा झालेला, बोईसरला खोली घेऊन राहणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा. माझा कधी कुणाला धक्काही लागला नव्हता.

नव्वद सालच्या आसपास आमच्याकडे कॉम्प्युटर आला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. मेंटेनन्सचा प्रोग्रॅम बसवायला मुंबईहून आलेल्या माणसाने मला शिकवलं. रोज सकाळी सातला मशीन चालवणारा मीटरचा आकडा कागदावर लिहून आणणार. मी तो टाकणार. प्रोग्रॅम तास मोजत राहणार आणि पंधराशे झाले की आपोआप चिठ्ठी छापणार. त्यातली एक सोय मला फार आवडली होती. आकडा पटण्याजोगा नसेल तर कॉम्प्युटर तो घेत नसे. नवा आकडा जुन्यापेक्षा कमी असेल, किंवा एका दिवसात चोवीस तासांपेक्षा जास्त फरक दाखवत असेल, तर तो किंचाळायचा आणि पडद्यावर इंग्रजीत यायचं की हे रीडिंग संभवत नाही. मर्यादा मीच भरल्या होत्या. रोजचे जास्तीत जास्त चोवीस. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून शुक्रवारचे शून्य.

त्याच आठवड्यात तीन नंबरची बास्केट उघडून तपासली होती. मीटर तेव्हा सहा हजार दोनशे बारावर होतं. तिथून मोजणी सुरू झाली.

तीन नंबर चालवणारा मासवणकडच्या पाड्यावरचा होता. पावसाळ्यात दोन तुकड्यांवर भात, पूर्वी उन्हाळ्यात वीटभट्टीवर, मग कारखान्यात. गुरुवारी संध्याकाळी घरी जायचा, शनिवारी पहाटे परत. शाळा दुसरीपर्यंत. आकडे मात्र छापल्यासारखे काढायचा.

पहिल्याच शनिवारी त्याचा कागद आला आणि कॉम्प्युटर किंचाळला. गुरुवार सकाळ ते शनिवार सकाळ. शुक्रवार शून्य धरला तर चोवीसच्या वर जाता येत नव्हतं. कागदावर एक्केचाळीस होते.

"हे काय लिहिलंस?"

"मीटर लिवलाय, सायब."

"एका दिवसात एक्केचाळीस तास? तुमच्या मासवणला दिवस लांबलाय का?"

पलीकडचा क्लार्क म्हणाला, "मीटरला ताडी पाजली असेल ह्याने." दोघेतिघे हसले. मीही हसलो.

तो हसला नाही. "मी शुकरवारी घरी व्हतो. सकाळी आलो, मीटर बघला, लिवला. मीटर सांगल ती मी लिवतो."

"शुक्रवारी कारखाना बंद असतो. कॉम्प्युटर म्हणतो हे होऊच शकत नाही."

"मंग तुमी चला ना बघाय," तो म्हणाला. "हितंच तर हाय."

एवढंच तो बोलला. उद्धटपणा नव्हता, साधं आमंत्रण होतं. मशीन माझ्या खुर्चीपासून दोनशे पावलांवर होती. पण चारचौघांत त्याने मला चला म्हटलं, आणि माझा हात उठला. वाडीतला माझ्यासारखाच कुणी असता, तर उठला नसता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मग मी त्याच्या कागदावरचा आकडा खोडला. आदल्या आकड्यात वीस मिळवून कॉम्प्युटरला दिला. त्याने मुकाट्याने घेतला. शेऱ्याच्या जागी मी टाइप केलं: ऑपरेटरने खोटे रीडिंग दिले, समज दिली.

"आता ह्या आकड्यापासून पुढे मोजत जा," मी त्याला सांगितलं. "फरक विसाच्या वर दिसता कामा नये."

"आन मशीन जास्त चालली तर?"

"तरी वीस."

त्याने मान हलवली. गालावर माझी बोटं उठली होती. ती लाल नव्हती, काळसर दिसत होती.

त्यानंतर कॉम्प्युटर कधी किंचाळला नाही. वीस, एकोणीस, वीस, वीस. मीटिंगमध्ये मॅनेजरांनी माझा तक्ता सगळ्यांना दाखवला. खरी मशीन इतकी शहाण्यासारखी कधी चालते का? कधी पट्टा तुटतो, कधी माल उशिरा येतो, कधी वीज जाते. एकसारख्या आकड्यांवर कुणीतरी ओरडायला हवं होतं. पण एकसारख्या आकड्यांची मर्यादा मी भरली नव्हती.

महिनाभराने एका शुक्रवारी मी नवापूरच्या किनाऱ्यावरून बोंबील घेऊन सायकलवर परतत होतो. कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी आलो तर आत जनरेटर धडधडत होता, आणि शेडच्या छपरातून वाफ निघत होती. सायकल टेकवून मी ऐकत उभा राहिलो. सेंट्रीफ्यूज वेग घेताना आधी घोगरं गुरगुरते, मग तिचा आवाज चढत चढत शिट्टीसारखा होतो. तो आवाज मी ओळखला. मागच्या गेटातून प्रॉडक्शनचे साहेब बाहेर आले.

"काय रे, सुट्टीच्या दिवशी?"

"मासळीला गेलो होतो. साहेब, मशीन चालू आहे?"

ते जवळ आले आणि त्यांनी माझी मान मागून धरली, मांजराची धरतात तशी. "तुझ्या कॉम्प्युटरला शुक्रवार ठाऊक आहे?"

"नाही."

"मग तुलाही नाही." त्यांनी बोटं आवळली. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सोडली. "जा. बोंबील मऊ पडतील."

मी घरी गेलो, बोंबील तळले, खाल्ले. शनिवारी सकाळी त्याचा कागद आला. वीस. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि वीस टाकले.

बारा आठवडे असे गेले.

तो मंगळवार होता, दुपारी जेवणाची वेळ. मी डबा उघडत होतो. आधी आवाज आलाच नाही, टेबल हललं. मग एवढा मोठा आवाज झाला की खिडकीची काच आत पडली आणि माझ्या भातात काचा आल्या. मी शेडकडे धावलो. त्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

तीन नंबरची बास्केट फुटली होती. तिचे तुकडे जाड पत्र्याचं आवरण फाडून चारी बाजूंना सुटले होते. झाकण सिमेंटच्या छपरातून आरपार जाऊन शेजारच्या प्लॉटमध्ये पडलं होतं. एक तुकडा लोखंडी खांबात कुऱ्हाडीसारखा रुतला होता. सगळीकडे पिवळा ओला माल शिंपडलेला, त्यातून वाफ येत होती. वाटेत तो पडला होता. उजवा हात कोपराखाली नव्हता. जिथे होता तिथून रक्त उडत होतं, पिचकारीसारखं, थांबून थांबून. तो ओरडत नव्हता. टाचा जमिनीवर घासत होता, मागे सरकायचं असल्यासारखा. कुणीतरी पट्टा काढून दंडाला आवळला. चौघांनी ताडपत्रीवर घालून उचलला. मी ताडपत्रीचं एक टोक धरलं होतं. रक्त माझ्या चपलेत शिरलं आणि गाडीपर्यंत माझा पाय सटकत राहिला.

तासाभरात मॅनेजरांनी बोलावलं. कारखान्यांचे इन्स्पेक्टर येणार होते. "तीन नंबरचा इतिहास काढ."

मी छापला. बास्केट उघडल्यापासून चौदाशे चाळीस तास. अजून साठ शिल्लक. मॅनेजरांनी कागदावर हात फिरवला. "म्हणजे आपण नियमात आहोत."

"हो."

पण मीटर? मी पुन्हा शेडमध्ये गेलो. माणसं पांगली होती, एक जण पाइपने फरशी धूत होता. पॅनेलचं दार बिजागरीतून निखळून भिंतीपाशी पडलं होतं. मीटरमधून एक तुकडा गेला होता, आकड्यांच्या चाकांचा चुरा. त्यातून काही कळणार नव्हतं. दार मी उलटं केलं.

दाराची आतली बाजू खडूच्या आकड्यांनी भरली होती. वरपासून खालपर्यंत, ओळीने, छापल्यासारखे. सगळ्यात वर सहा हजार दोनशे बारा. शनिवारपाशी एक छोटी रेघ, आणि प्रत्येक रेघेपाशी मोठी उडी. सगळ्यात खाली, त्याच दिवशी सकाळी लिहिलेला, आठ हजार सेहेचाळीस. मी उभ्या उभ्या वजाबाकी केली. अठराशे चौतीस तास. बास्केट दोन आठवड्यांपूर्वीच उघडायला हवी होती.

म्हणजे तो रोज दोन हिशेब चालवत होता. माझ्यासाठी एक, आणि दाराआड खरा.

फरशी धुणाऱ्याची माझ्याकडे पाठ होती. पुसायच्या चिंध्यांचा ढीग बाजूलाच होता. मी एक ओली चिंधी घेतली आणि दार पुसलं. वरून खाली. तीन महिन्यांचे आकडे पुसायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी मान धरली नव्हती.

चार दिवसांनी इन्स्पेक्टरांबरोबर मला कागदपत्रं घेऊन पालघरला दवाखान्यात पाठवलं. तो खाटेवर होता, चेहरा सुजलेला, एक डोळा बंद. बायको पायथ्याशी बसली होती, भाऊ दारात. इन्स्पेक्टरांनी विचारलं, मशीन किती चालली होती?

"कागदावरचा खोटा हाय," तो म्हणाला. "मीच लिवलाय. सायबानी सांगितला तसा. खरा दाराच्या आत हाय."

"कुठल्या दाराच्या?"

"पॅनलच्या. भट्टीवर मुकादम वहीत किती विटा लिवल त्याचा भरवसा नाय. म्हणून आमी झोपडीच्या फळीवर आपला येगळा लिवतो. तसाच हितं लिवला. जाऊन बघा."

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "असं काही आहे?"

"दार मी पाहिलंय," मी म्हणालो. "आत काही नाही."

तो उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला. "सायब, तुमी बघला?"

"पाहिलं."

"आन काय नाय?"

"नाही."

त्याने मान भिंतीकडे वळवली. बायकोने त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि मला म्हणाली, "ह्यो खोटा नाय बोलत." इन्स्पेक्टरांनी फाइल मिटली. अहवालात आलं की मशीन मुदतीत होती, ऑपरेटरने माल एका बाजूला जास्त भरला असावा आणि खोटी रीडिंग देण्याची त्याला सवय होती. पुराव्याला माझाच शेरा जोडला होता.

आठ दिवसांनी त्याच्या गावाकडची वीसपंचवीस माणसं घेऊन भाऊ गेटवर आला. "आमचा मानूस खोटा नाय! दार दाखवा!" तो ओरडत होता. दगड आले. मग आतून काठ्या घेऊन पहारेकरी सुटले. मी वरच्या खिडकीतून बघत होतो, नव्या काचेतून. भावाच्या डोक्यावर काठी बसली, तो गुडघ्यावर आला, पुन्हा बसली. शेजारी उभे असलेले प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "बघ, तुझ्या कॉम्प्युटरने वाचवलं." आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

मी नोकरी सोडली नाही. लग्न झालं, बढती मिळाली. सहा वर्षं मी खडूचा आवाज ऐकला की खोलीतून बाहेर जायचो. मुलीच्या बालवाडीतल्या पालकसभेतूनही एकदा उठून आलो. बायकोला सांगितलं, खडूच्या धुळीने खोकला येतो.

मग नवा कॉम्प्युटर आला, रंगीत पडद्याचा, आणि नवा प्रोग्रॅम. जुने आकडे त्यात चढवायचे होते. ते काम करणारा तरुण एक दिवस म्हणाला, "साहेब, हे बारा आठवडे घेत नाहीये. म्हणतोय संभवत नाही."

"कुठले?"

"तीन नंबर सेंट्रीफ्यूज. फरक मर्यादेत आहे, पण रोज जवळपास तेवढाच. हा प्रोग्रॅम तेही तपासतो." तो हसला. "मशीनने नाही, कुणीतरी बसून लिहिलंय हे."

"मी," मी म्हणालो.

त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे.

पुढच्या शुक्रवारी मी मासवणला गेलो. पाडा विचारत विचारत घर सापडलं. भाऊ अंगणात कुंपणाच्या काठ्या तासत होता. कपाळापासून मागे केसांत गेलेली पांढरी खूण लांबूनच दिसली. त्याने मला लगेच ओळखलं.

"कशाला आला?"

"दार मी पुसलं होतं," मी म्हणालो. वाटेत बरंच काही जुळवलं होतं, पण तोंडातून तेवढंच आलं. "त्यावर आकडे होते. खरे. मीच पुसले."

त्याने कोयता खाली ठेवला. तो हातात धरून आला असता तरी मी हललो नसतो, असं मला वाटतं. पण तसं म्हणणं सोपं आहे. पहिला ठोसा तोंडावर बसला. मी पडलो. त्याने मला कॉलर धरून उठवलं आणि पुन्हा मारलं, पोटात, मग पुन्हा तोंडावर. दात तुटला तो जिभेला कळला. "माझा भाऊस हात नाय म्हणून रडला नाय," तो मारता मारता म्हणत होता, "खोटा म्हनले म्हणून रडला! खोटा म्हनले म्हणून!"

"पुरे," घरातून आवाज आला. तो दारात उभा होता. सदऱ्याची उजवी बाही वर दुमडून पिनेने लावलेली. केस पांढरे. "मारशील तर बोलल कोण? सोड."

भावाने सोडलं. दवाखान्यात पायथ्याशी बसलेली ती बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर ठेवला, हातात दिला नाही.

"दारावर शेवटचा काय व्हता?" त्याने विचारलं.

मला आधी कळलं नाही.

"तुमी पुसला ना? मंग वाचला असल. शेवटचा सांगा. मी नाय सांगत."

"आठ हजार सेहेचाळीस."

"पयला?"

"सहा हजार दोनशे बारा."

त्याने दोन्ही आकडे ओठांत पुटपुटून पाहिले. मग बायकोला म्हणाला, "खडू आण."

त्यांच्या घराचं दार फळ्यांचं होतं, शेणाने सारवलेल्या भिंतीत बसवलेलं. त्याने मला आतल्या बाजूला उभं केलं. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. रोजचे त्याला आठवत नव्हते, पण बाराही शनिवार आठवत होते. "दवाखान्यात पडल्या पडल्या दुसरा काय काम व्हता?" तो म्हणाला. माझ्या तोंडातून रक्त ठिबकत होतं ते मी बाहीने पुसत होतो, फळीवर पडू नये म्हणून. एके ठिकाणी मी सातचा एक केला. त्याने डाव्या अंगठ्याने तेवढाच पुसला. "नीट काढा."

खाली मी माझं नाव लिहिलं. पुसलं ते मी, हेही लिहिलं.

"आता?" भावाने विचारलं.

"आता चला," तो म्हणाला. "पालघरला, ज्यानी फाइल मिटली त्याच्याकं."

"मी कागदावर लिहून देतो," मी म्हणालो. "साक्षीला कागद चालतो."

"कागद तुमचा," तो म्हणाला. "दार माझा."

भावाने पहार घातली आणि दार बिजागऱ्यांसकट उपसलं. घर उघडं पडलं. बायको उंबऱ्यात बसली, राखण करायला. आम्ही तिघे दार घेऊन मनोर रस्त्यावर आलो. पुढे भाऊ, मागे मी, आणि मध्ये तो, डावा हात खालून लावून. एसटी थांबली. कंडक्टर म्हणाला, "दार घेऊन कुठं? लग्नाला का?"

"सायबाला दाखवाय," भाऊ म्हणाला.

कंडक्टरने माझं सुजलेलं तोंड पाहिलं, फळीवरचे आकडे पाहिले, आणि गाडीचं मागचं दार उघडलं. आत गर्दी होती. लोक टोपल्या घेऊन सरकत होते, कुणाचा खांदा फळीला घासत होता. मी आकड्यांची बाजू बाहेर करून दार धरलं होतं.

"सायब," तो म्हणाला, "उलटा धरा. आकडे तुमच्याकं करा. पुसतील."

मी दार फिरवलं आणि आकडे छातीशी येतील असं, पण अंग न लावता, दोन्ही हात लांब करून धरलं. पालघर येईपर्यंत माझे दंड थरथरत होते. तो समोर उभा राहून खडूकडे बघत होता. माझ्याकडे एकदाही नाही.